टर्बो मोठा करताय? कंट्रोलर सगळ्यात शेवटी घ्या

या कामात नव्याने उतरलेल्या मुलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "बूस्ट कंट्रोलर कोणता घेऊ?" सुरुवात तिथून करू नका. बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब. आधी वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी झडप) ठरवा, मग त्यातली स्प्रिंग, मग होज आणि सेन्सर, आणि हे सगळं जमल्यावर कंट्रोलर. हा क्रम उलटा झालेल्या गाड्यांपायी माझ्या कित्येक रात्री गेल्यात, म्हणून कळकळीने सांगतोय.

टर्बो कसा चालतो हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. फक्त एवढं पक्कं डोक्यात बसवा: वेस्टगेटमधली स्प्रिंग जो दाब ठरवते, त्याच्या खाली कुठलाही कंट्रोलर बूस्ट उतरवू शकत नाही. कंट्रोलर काय करतो, तर वेस्टगेटच्या डायफ्रॅमकडे (दाबाने हलून झडप उघडणाऱ्या पडद्याकडे) जाणारा दाब थोडा अडवतो किंवा बाहेर सोडतो. वेस्टगेट उशिरा उघडतं, बूस्ट वाढतो. ०.७ बारची स्प्रिंग असेल तर ०.७ हा तुमचा तळ. ०.५ वर चालवायचं असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते. वरच्या बाजूला साध्या तीन पोर्टच्या सोलेनॉइडने (कंट्रोलरच्या विजेवर चालणाऱ्या झडपेने) साधारण स्प्रिंगच्या दुप्पट दाबापर्यंत जाता येतं, पण त्या टोकाला पकड सैल पडते. त्यामुळे १.२ बार हवा असेल तर मी ०.८ च्या आसपासची स्प्रिंग घालतो. सोलेनॉइडची वायर तुटली तरी इंजिन ०.८ वर येऊन थांबतं, हा त्यातला मोठा फायदा.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं, तो बूस्ट क्रीप, म्हणजे आरपीएमबरोबर बूस्ट आपोआप चढत जाणं. इथे सावकाश वाचा.

लॉग, म्हणजे धावत्या गाडीच्या आकड्यांची नोंद, साधारण असा दिसतो. चौथा गिअर, थ्रॉटल पूर्ण दाबलेला, सोलेनॉइडची ड्यूटी (तो किती टक्के वेळ चालू असतो) शून्य. ३५०० आरपीएमला ०.७ बार, अगदी स्प्रिंगप्रमाणे. ४५०० ला ०.८. ५५०० ला १.०. ६५०० ला १.२, आणि काटा अजून चढतोच आहे. नवा माणूस हे पाहून कंट्रोलरची सेटिंग बदलतो, मग कंट्रोलरच बदलतो, मग सोलेनॉइडवर संशय घेतो. पण ड्यूटी आधीच शून्य आहे! कंट्रोलर काहीच अडवत नाहीये, वेस्टगेट पूर्ण उघडलंय. धरणाचे सगळे दरवाजे उघडे असूनही पाणी चढत असेल तर दरवाजे लहान पडताहेत, तसंच हे. जेवढा एक्झॉस्ट बाजूने सोडायला हवा तेवढा त्या वाटेने मावत नाही, उरलेला टर्बाइनवरच जातो आणि टर्बाइन आणखी जोरात फिरतं.

यातली उलटी वाटणारी गोष्ट अशी की बूस्ट जितका कमी ठेवायचा, तितकं वेस्टगेट मोठं लागतं. "मला फक्त ०.६ बार हवाय, छोटं वेस्टगेट पुरेल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की काळजीच वाटते. कमी बूस्ट म्हणजे टर्बाइनला कमी गॅस द्यायचा, म्हणजे बाकीचा सगळा वेस्टगेटमधून काढायचा. मोठं इंजिन आणि त्यावर लहान ए/आरचं (गॅसची वाट अरुंद असलेलं) टर्बाइन हाउसिंग असेल तर हा भार आणखी वाढतो. ३८ मिमीचं जिथे पुरत नाही तिथे ४४ किंवा ५० मिमी लावावं लागतं.

आकाराइतकीच जागाही महत्त्वाची. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या) पाइपला काटकोनात जोडलेलं ५० मिमीचं वेस्टगेटसुद्धा, नीट कोनात, सगळ्या सिलिंडरचा प्रवाह जिथे एकत्र येतो तिथे बसवलेल्या ४४ पुढे हरू शकतं. वळण घ्यायला लागलं की गॅस सरळ टर्बाइनकडेच पळतो. आणि मूळ टर्बोवर नुसता मोकळा एक्झॉस्ट टाकला तरी क्रीप सुरू होऊ शकतो, कारण टर्बाइनपुढचा अडथळा कमी झालेला असतो. हवा थंड असली की तो आणखी वाढतो. दुपारी सरळ आलेली रेघ पहाटे वर चढलेली दिसेल, म्हणून एकाच लॉगवर विश्वास ठेवू नका.

क्रीप आणि स्पाइक यांची गल्लत करू नका. स्पाइक म्हणजे बूस्ट क्षणभर उसळून पुन्हा जागेवर येतो. तो सेटिंगने, लहान होजने बराच आवरतो. वरच्या आरपीएमला बूस्ट उलट खाली घसरत असेल तर कमजोर ॲक्च्युएटरची (रॉडने वेस्टगेट उघडणाऱ्या डबीची) झडप एक्झॉस्टच्या दाबाने उघडत असेल, किंवा टर्बोचीच दमछाक होत असेल.

एक शॉर्टकट मला अजिबात पटत नाही: ॲक्च्युएटरचा रॉड आखूड करून बूस्ट वाढवणं. थोडा प्रीलोड (झडप बंद असतानाही स्प्रिंगवर असलेला ताण) लागतोच. पण रॉड जितका ओढाल तितकी झडप कमी उघडते, आणि बूस्टबरोबर क्रीपही पदरात पडतो.

होजबद्दल थोडक्यात. वेस्टगेटचा सिग्नल कॉम्प्रेसरमधून हवा बाहेर पडते त्या तोंडाजवळून घ्या, लाइन लहान ठेवा, तिच्यात दुसऱ्या कशासाठी टी घालू नका आणि प्रत्येक टोकाला क्लिप लावा. ही एक लाइन निसटली तर वेस्टगेटला दाबच कळत नाही, ते बंद राहतं आणि बूस्टला लगाम उरत नाही. मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडाही तपासा: २.५ बारचा सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, बाहेरच्या हवेचा सुमारे १ बार त्यातच धरून, म्हणजे बूस्ट जेमतेम १.५ बारपर्यंत दिसतो. त्यापुढे ईसीयू (इंजिनचा संगणक) आंधळा, आणि पेट्रोल मोजून देणारा तोच.

कंट्रोलर? बॉल आणि स्प्रिंगचा साधा मॅन्युअल कंट्रोलर शिकायला उत्तम आहे, यावर लोक माझ्याशी वाद घालतात. गिअरप्रमाणे वेगळा बूस्ट हवा असेल तेव्हा ईसीयूवरून चालणारा सोलेनॉइड घ्या.

शिकवणारा निवडताना एवढं पाहा. "बूस्ट किती ठेवू?" म्हटल्यावर जो लगेच आकडा फेकतो त्याच्यापासून लांब राहा, जो आधी लॉग मागतो त्याच्या मागे लागा, तो चिडका असला तरी. आणि घाबरू नका. यात भाग मोजकेच आहेत, आणि दहा-बारा लॉग नीट वाचले की रेघ कुठल्या भागाकडे बोट दाखवतेय ते कळायला लागतं.

पहिल्या फेरीला कंट्रोलर लाइनमधून काढून फक्त स्प्रिंगवर गाडी काढा. त्याआधी ईसीयूमध्ये स्प्रिंगच्या दाबाच्या ०.२ बार वर फ्युएल कट (तिथे पोचताच पेट्रोल तोडणारी मर्यादा) लावा, आणि शेजारी लॉगवर नजर ठेवायला दुसरा माणूस बसवा.