कीवर्डची निवड आणि स्पर्धेचा अंदाज : ऑनलाइन व्यवसायासाठी एक कार्यपद्धती

कीवर्ड, म्हणजे ग्राहक गूगलवर टाइप करतात ते शब्द, शोधायचे म्हटले की बहुतेक जण थेट कीवर्ड सुचवणारे एखादे टूल उघडतात, आपल्या मालाचे नाव त्यात टाकतात आणि सर्वाधिक सर्च व्हॉल्यूम (महिन्याला होणाऱ्या शोधांची संख्या) असलेले पाच-सहा शब्द उचलून कामाला लागतात. काही महिन्यांनी त्या शब्दांवर आपले संकेतस्थळ कुठेच दिसत नाही, तेव्हा खापर मजकुरावर किंवा एसइओवर, म्हणजे शोधनिकालांत वर येण्यासाठी केलेल्या कामावर, फोडले जाते. गफलत खरे तर निवडीतच झालेली असते. किती लोक शोधतात एवढेच पाहिलेले असते. ते कशासाठी शोधतात आणि निकालांच्या पहिल्या पानावर आधीपासून कोण ठाण मांडून बसले आहे, याकडे लक्षच गेलेले नसते. या तीन प्रश्नांपैकी तिसरा सर्वांत निर्णायक आहे, आणि त्याचे उत्तर कोणतेही टूल पूर्णपणे देऊ शकत नाही. सोयीसाठी हौशी आकाशनिरीक्षकांना दुर्बिणी विकणारे एक काल्पनिक ऑनलाइन दुकान उदाहरणादाखल घेऊ.

पहिली यादी टूलशिवाय करावी. ग्राहकांचे ईमेल, चौकशीचे संदेश, फोनवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि मालाखाली लिहिलेले अभिप्राय यांतून ग्राहकाची स्वतःची भाषा हाती लागते, आणि ती विक्रेत्याच्या भाषेपेक्षा बरीच वेगळी असते. विक्रेता ‘रिफ्लेक्टर’ आणि ‘फोकल लेंथ’ म्हणतो, तर ग्राहक ‘शनीची कडी दिसणारी दुर्बीण’ असे टाइप करतो. त्यानंतर यादीतला एकेक शब्द गूगलच्या शोधपट्टीत लिहून खाली येणाऱ्या सूचना, निकालांच्या मध्ये दिसणारे ‘लोक हेही विचारतात’ स्वरूपाचे प्रश्न आणि पानाच्या तळाशी येणारे संबंधित शोध टिपून घ्यावेत. लोक एकच गोष्ट दोन लिप्यांत किंवा दोन-तीन स्पेलिंगने शोधत असतील, तर ती सगळी रूपे नोंदवावीत. या टप्प्यावर काहीही गाळू नये. स्प्रेडशीट लांबलचक झाली तरी हरकत नाही.

आता आकड्यांकडे वळता येईल. गूगल अॅड्सच्या खात्यात मिळणारा कीवर्ड प्लॅनर मोफत आहे, मात्र जाहिरातींवर विशेष खर्च न करणाऱ्या खात्यांना तो नेमक्या संख्येऐवजी ‘१ हजार ते १० हजार’ असे ढोबळ पट्टे दाखवतो. महिन्याला बाराशे शोध असलेला आणि नऊ हजार शोध असलेला असे दोन्ही शब्द मग एकाच पट्ट्यात दिसतात. शिवाय त्यातला आकडा साधारणपणे बारा महिन्यांची सरासरी असतो आणि जवळपास सारखी रूपे, उदाहरणार्थ एकवचन व अनेकवचन, बऱ्याचदा एकत्र मोजली जातात. हंगामी चढउतार पाहण्यासाठी गूगल ट्रेंड्स अधिक उपयोगी पडते, पण त्यावरील ० ते १०० ही मोजपट्टी सापेक्ष असते. १०० म्हणजे निवडलेल्या काळातला आणि प्रदेशातला कळस. शोधांची संख्या नव्हे. ग्रहणाच्या आठवड्यात दुर्बिणींविषयीचे शोध उसळले, तर त्यावरून वर्षभराच्या मागणीचा हिशेब मांडणे चुकीचे ठरेल.

टूलने शून्य व्हॉल्यूम दाखवले म्हणून एखादा शब्द लगेच खोडून टाकू नये. दररोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध याआधी कधीच झालेले नसतात, असे गूगलने वेळोवेळी सांगितले आहे. ग्राहकाने तोच प्रश्न फोनवर अनेकदा विचारला असेल, तर टूलच्या शून्यापेक्षा त्या फोनवर विश्वास ठेवलेला बरा.

शोधामागचा हेतू ओळखण्यासाठी संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये मांडलेली विभागणी आजही पुरेशी आहे : कोणाला माहिती हवी असते, कोणाला ठरावीक संकेतस्थळावर पोहोचायचे असते, तर कोणाला खरेदी, नोंदणी किंवा डाउनलोड यांसारखी कृती करायची असते. नुसता ‘दुर्बीण’ हा शब्द घेतला, तर तो टाइप करणारा प्रकल्प लिहिणारा विद्यार्थी असेल, पक्षी पाहणारा असेल किंवा दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेची चौकशी करणारा रुग्णाचा नातेवाईकही असेल. व्हॉल्यूम सर्वांत मोठे असले, तरी आपल्या दुकानाला त्यातला फारच थोडा भाग उपयोगाचा आहे. याउलट ‘नवशिक्यांसाठी दुर्बीण कोणती घ्यावी’ असे विचारणारा खरेदीच्या उंबरठ्यावर उभा असतो. यादीतील प्रत्येक शब्दापुढे हेतूचा रकाना भरला की निम्मी यादी आपोआप मागे पडते.

स्पर्धेबाबत तीन आकडे हमखास दिशाभूल करतात. कीवर्ड प्लॅनरमधला ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातदारांमधली चढाओढ दाखवतो; मोफत निकालांत वर येणे किती अवघड आहे, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. तरीही त्याच्या शेजारचे बोलीचे दर जरूर पाहावेत, कारण एखाद्या शब्दासाठी जाहिरातदार चढ्या दराने पैसे मोजत असतील, तर त्या शोधातून विक्री होत असण्याची शक्यता बरीच असते. दुसरा आकडा म्हणजे सशुल्क टूलमधली कीवर्ड डिफिकल्टी, म्हणजे त्या शब्दावर वर येणे किती अवघड आहे याचा ० ते १०० मधला अंदाज. एचरेफ्स हे टूल हा आकडा मुख्यतः निकालांत पहिल्या दहा क्रमांकांवर असलेल्या पानांना किती वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून दुवे मिळाले आहेत यावरून काढते, तर सेमरश आणि मोझ या टूलची सूत्रे निराळी आहेत. म्हणून एका टूलमधला तीस आणि दुसऱ्यातला तीस यांची तुलना करण्यात अर्थ नाही. संकेतस्थळाचे वजन दाखवणारी मोझची ‘डोमेन ऑथॉरिटी’ ही त्या कंपनीने स्वतः तयार केलेली मोजणी आहे आणि गूगल क्रमवारी ठरवताना ती वापरत नाही. तिसरा आकडा म्हणजे एकूण निकालांची संख्या. तो अंदाजे असतो, आणि तसाही आपला सामना लाखो पानांशी नसून पहिल्या दहांशी असतो. लांबलचक यादी चाळून वीस-तीस शब्दांवर आणण्यापुरती डिफिकल्टी वापरावी, त्यापुढे नाही.

उरलेल्या शब्दांसाठी पहिले पान स्वतः वाचण्याला पर्याय नाही. ब्राउझरची खासगी विंडो उघडावी, म्हणजे आपल्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होतो. ठिकाणाचा परिणाम मात्र तिथेही राहतो. सर्वप्रथम निकालांचा प्रकार पाहावा. दहापैकी आठ निकाल मोठ्या विक्री-संकेतस्थळांच्या वर्गवारी पानांचे असतील, तर त्या शोधाला लोकांना यादी हवी आहे, आणि आपला उत्तम लेखही तिथे सहसा टिकणार नाही. मग प्रत्येक निकाल उघडून तीन गोष्टी तपासाव्यात : शोधलेला प्रश्न शीर्षकात आहे का, पान केवळ त्याच प्रश्नाला वाहिलेले आहे का, आणि उत्तर खरोखर पूर्ण आहे का.

समजा, आपण ‘७० मिमी दुर्बिणीतून काय दिसते’ हा शोध तपासत आहोत (७० मिमी हा दुर्बिणीच्या मुख्य भिंगाचा व्यास). पहिले दोन निकाल ७० मिमीच्या दुर्बिणी विकणारी पाने आहेत, पण त्यांत तांत्रिक तपशिलापलीकडे काही नाही. तिसरे एक जुने प्रश्नोत्तराचे पान आहे आणि त्यातल्या उत्तराला ना चित्र ना आकडा. चौथा निकाल सर्व आकारांच्या दुर्बिणींवरचा दीर्घ लेख असून ७० मिमीला त्यात एकच परिच्छेद मिळाला आहे. सातव्या क्रमांकावर आपल्याएवढ्याच एका छोट्या दुकानाचे पान आहे. इथे शिरकाव करण्यास जागा आहे, कारण चंद्राची विवरे, गुरूचे चार मोठे चंद्र आणि सुमारे २५ पट वर्धनापासून ओळखू येऊ लागणारी शनीची कडी यांचे सचित्र, प्रामाणिक वर्णन करणारे पान त्या दहांत नाही. लहान संकेतस्थळ पहिल्या पानावर असणे हा माझ्या मते सर्वांत बोलका संकेत आहे. टूलने डिफिकल्टी पन्नास दाखवली तरी मी अशा शब्दावर काम करेन. याउलट उत्पादक, मोठी नियतकालिके आणि नामांकित संस्था यांची त्याच प्रश्नावर लिहिलेली, अद्ययावत आणि भरपूर दुवे मिळालेली पाने दहाही जागा अडवून बसली असतील, तर डिफिकल्टी पंधरा असूनही तो शब्द नंतरसाठी ठेवावा.

पानावर जागा किती शिल्लक आहे, तेही मोजावे. वर जाहिराती, एआयने तयार केलेला सारांश आणि व्हिडिओंची पट्टी असेल, तर पहिला मोफत निकाल मोबाइलवर दोनदा स्क्रोल केल्यावर दिसतो. ‘दुर्बिणीचा शोध कोणी लावला’ यासारख्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे १६०८ मध्ये पेटंटसाठी अर्ज करणाऱ्या हान्स लिपरशे यांचे नाव, निकालांच्या पानावरच मिळून जाते. मग क्लिक करणार कोण?

एकाच अर्थाच्या शब्दांसाठी वेगवेगळी पाने करण्याआधी दोन्ही शोधांचे पहिले दहा निकाल शेजारी ठेवून पाहावेत. सहा-सात निकाल सामाईक असतील, तर गूगल त्यांना एकच प्रश्न समजते आणि एकच पान पुरते. निवडलेले शब्द शीर्षक, उपशीर्षके आणि मजकुरात स्वाभाविकपणे यावेत. मेटा कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या वाचकाला न दिसणाऱ्या कीवर्डच्या जागेत, त्यांची रांग लावण्यात वेळ घालवू नये, कारण क्रमवारीसाठी हा टॅग वापरत नसल्याचे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते.

पाने प्रसिद्ध झाल्यानंतर तीन-चार महिन्यांनी सर्च कन्सोल हे संकेतस्थळाच्या मालकांसाठीचे गूगलचे मोफत साधन उघडावे. त्यात सोळा महिन्यांपर्यंतचे शोध, इम्प्रेशन्स (आपले पान निकालांत किती वेळा दिसले), क्लिक आणि सरासरी स्थान पाहता येते, आणि ही आकडेवारी टूलच्या अंदाजांपेक्षा कितीतरी विश्वासार्ह असते, कारण ती आपल्याच संकेतस्थळाची असते. आठव्या ते विसाव्या स्थानादरम्यान अडकलेले आणि इम्प्रेशन्स भरपूर असलेले शोध आधी हाती घ्यावेत. तिथे आपले पान स्पर्धेत शिरलेले असते, आणि उत्तरातली उणीव भरणे, शीर्षक नेमके करणे व आपल्याच इतर पानांवरून त्याला दुवे देणे एवढ्याने ते अनेकदा वर सरकते. एकाच शोधासाठी आपली दोन पाने आलटून पालटून दिसत असतील, तर कमकुवत पानाचा मजकूर सशक्त पानात समाविष्ट करून कमकुवत पानाचा पत्ता कायमस्वरूपी सशक्त पानाकडे वळवावा.