मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे काढावेत

७,२७,५६० घ्या. हिचे विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ही पूर्ण वर्ग आहे का, विपुल आहे का (म्हणजे ती स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज तिच्याहून जास्त आहे का), हे सगळं मूळ अवयवांतून निघतं. विभाजकांची यादी लिहीत बसू नका.

आधी २, ३ आणि ५ ने भाग जाईल तितका घालवा. हाती येतं २³ × ३² × ५ × २०२१.

आता खरी मेख. २०२१ मूळ आहे का? ७, ११, १३, १७, एकानेही भाग जात नाही. मी एकदा ३१ पर्यंत येऊन थांबलो आणि ही मूळच असणार असं धरून चाललो. विभाजक ९६ यायला हवेत, आले ४८. त्याहून वाईट म्हणजे संख्या विपुल आहे हे उत्तर तरीही बरोबर आलं, म्हणून चूक बरेच दिवस कळलीच नाही.

तेव्हा वर्गमूळापर्यंतची प्रत्येक मूळ संख्या तपासा, एकही गाळू नका. दोन्ही अवयव ४५ किंवा जास्त असते तर गुणाकार किमान २०२५ झाला असता. म्हणजे एक तरी अवयव ४५ हून लहान हवा, आणि ४५ च्या आतली शेवटची मूळ संख्या ४३. तिनेच भाग जातो: ४३ × ४७.

‘निम्म्यापर्यंत भागून बघा’ हा सल्ला निव्वळ वेळ खातो. ‘६ ने भागून बाकी १ किंवा ५ उरली की मूळ’ हा तर साफ चूक आहे. २०२१ ला ६ ने भागल्यावर बाकी ५ उरते, २५ ला भागल्यावर १.

मी आता भागाकाराआधी गणितज्ञ फर्माची रीत वापरून बघतो: संख्या दोन वर्गांच्या फरकात मांडायची. २०२१ च्या लगेच पुढचा वर्ग ४५², म्हणजे २०२५. फरक ४, तोही वर्ग. म्हणून (४५ − २)(४५ + २). अवयव जवळजवळचे असले की ही रीत क्षणात उत्तर देते. लांबचे असले तर मुकाट्याने भागाकार करा.

पुढचं सोपं आहे. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ४ × ३ × २ × २ × २ = ९६ विभाजक. बेरजेसाठी प्रत्येक मूळ अवयवाचे १ पासूनचे घात मिळवा (२ साठी १ + २ + ४ + ८ = १५) आणि त्या बेरजा गुणा: १५ × १३ × ६ × ४४ × ४८ = २४,७१,०४०. त्यातून मूळची संख्या वजा केली की १७,४३,४८० उरतात. हे ७,२७,५६० हून जास्त, म्हणून विपुल. खरं तर ६ ही परिपूर्ण संख्या आहे, म्हणजे ती सोडून बाकी विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच (१ + २ + ३ = ६), आणि तिची तिच्याहून मोठी प्रत्येक पट विपुलच असते. माझी चूक झाकली गेली ती यामुळेच.

५ चा घातांक विषम, म्हणजे पूर्ण वर्ग नाही.

राहिली कापरेकरांची हर्षद संख्या, म्हणजे अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती. इथे बेरीज २७, म्हणजे ३³. आपल्याकडे ३ चा घात फक्त २ आहे. ही हर्षद नाही, आणि त्यासाठी भागाकारही करावा लागला नाही.