गोल्फ स्पर्धेत स्वयंसेवक व्हायचंय? बेळगावकरांनी अशी तयारी करावी

गोल्फ खेळता येत नाही म्हणून मागे राहू नका. चेंडूवर नजर ठेवणारे, गुण नोंदवणारे, प्रेक्षकांना आवरणारे असल्याशिवाय मोठी स्पर्धा पार पडत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या मुलांना मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही भाषा येतात. संयोजकांना अशी माणसं हवीच असतात.

आधी संस्थेला अर्ज करा. राज्यात बेंगळूरची कर्नाटक गोल्फ असोसिएशन आहे, देशपातळीवर इंडियन गोल्फ युनियन. ईमेलमध्ये वय, येणाऱ्या भाषा, मोकळ्या तारखा आणि दिवसभर उन्हात चालण्याची तयारी लिहा. गणेशोत्सवात मंडळाचं काम केलं असेल तर तेही आवर्जून लिहा, कारण गर्दी शांतपणे हाताळायची सवय इथे थेट उपयोगी पडते. राहण्या-जेवणाची सोय कोण करणार, हे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या. पहिल्यांदा ज्युनियर स्पर्धा मागा. गोल्फपटू अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तीही बेंगळूरच्या मैदानांवरच लहानपणी खेळायला शिकली. मुलांच्या स्पर्धांना मदतीचे हात लागतात आणि शिकायलाही तिथेच जास्त मिळतं.

काम निवडायची मुभा असेल तर चेंडू हेरण्याचं काम घ्या. नवख्याला ते जमतं आणि खेळाडूला त्याचा खरा आधार होतो. हरवलेला चेंडू शोधायला नियमाने फक्त तीनच मिनिटं मिळतात (2019 पूर्वी पाच मिळत). तेवढ्यात सापडला नाही तर एका फटक्याचा दंड सोसून आधीच्या जागेवरून पुन्हा मारावा लागतो. म्हणून चेंडू गवतात शिरताना जवळचं झाड, दगड, काहीतरी खूण मनाशी पक्की करा आणि त्यावरून नजर काढू नका. पांढरे खुंट म्हणजे हद्द, पिवळे आणि लाल खुंट म्हणजे दंड-क्षेत्र (तळं, ओढा अशी जागा, जिथून चेंडू बाहेर घेऊन खेळायचा तर दंड पडतो). चेंडू हद्दीत आहे की बाहेर, हे हाताने कसं दाखवायचं ते सकाळीच ठरवून घ्या.

सापडलेल्या चेंडूला हात लावू नका. चुकून पाय लागून हलला तर लगेच सांगा. तो मूळ जागी ठेवला जातो आणि खेळाडूला दंड होत नाही. लपवलं तर मात्र त्याच्यावर अन्याय होतो. "आधीच्याने कुठला क्लब वापरला?" असं खेळाडूने विचारलं तर उत्तर देऊ नका (क्लब म्हणजे चेंडू मारायची काठी). असा सल्ला मागितल्याबद्दल स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या प्रकारात, त्याला दोन फटक्यांचा दंड होऊ शकतो. अंतर मात्र सांगता येतं.

कॉलरचा टी-शर्ट, मऊ तळव्यांचे बूट, टोपी, पाणी. मोबाईल बंद. खेळाडू फटक्याला उभा राहिला की हालचाल नको, बोलणं नको. "फोर!" म्हणजे चेंडू अंगावर येतोय असा इशारा. तो ऐकू आला तर डोकं झाकून खाली वाका, वर बघत बसू नका. भोंग्याचा एक लांब आवाज म्हणजे खेळ तत्काळ थांबला, बहुतेकदा विजेमुळे. तेव्हा झाडाखाली थांबू नका, सांगितलेल्या आसऱ्याला जा.

स्पर्धा संपली की संयोजकांना भेटून पुढच्या वेळी खेळाडूंसोबत चालत गुण नोंदवण्याचं काम मागा. त्याआधी आर अँड ए या संस्थेच्या संकेतस्थळावर नियम वाचा. नियम पंचवीसच आहेत, रोज एक वाचला तरी महिन्याभरात संपतात.