खान्देशातून भूमध्य समुद्राकाठी : मुलाबाळांसह तंबूतील मुक्कामाची तयारी

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हाच मुलांना सुट्टी असते, आणि नेमके तेच दिवस, म्हणजे मे महिना व जूनचा पहिला पंधरवडा, दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर तंबूत राहण्यासाठी उत्तम असतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडच्या शाळा बंद असल्याने गर्दी आणि भाडे दोन्ही वाढतात. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, त्यामुळे अर्ज देण्यासाठी मुंबईतील भेटीची वेळ जानेवारी-फेब्रुवारीतच घ्यावी. प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो.

मुक्काम डोंगरावरच्या गावात न करता खाली किनाऱ्याजवळ करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नीस आणि कान या शहरांच्या मध्ये, आंतीब व बियोतच्या परिसरात अनेक कॅम्पसाइट आहेत, आणि किनाऱ्यालगतच्या रेल्वेमुळे गाडी भाड्याने घेण्यावाचून अडत नाही. जागा निवडताना मात्र ओढ्याच्या काठची टाळावी. ३ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री याच भागात अचानक पूर येऊन माणसे दगावली होती, म्हणून शरद ऋतूत जाणाऱ्यांनी तर ही काळजी घ्यावीच. परवानगीशिवाय कुठेही तंबू ठोकण्याचा विचार करू नये. इथून तंबू वाहून नेण्यापेक्षा तिथे आधीच उभारलेला तंबू किंवा छोटे स्वयंपाकघर असलेले मोबाइल होम (तयार लहानसे घर) घ्यावे; चादरी आणि टॉवेल बहुधा आपलेच लागतात, तेव्हा एखादी हलकी गोधडी सामानात टाकावी. पोहण्याच्या तलावात पुरुषांना सैल अर्धी चड्डी चालत नाही, अंगाला घट्ट बसणारी लागते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

जेवणाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण आठ दिवस बाहेरचे खाऊन मुले कंटाळतात आणि खिसाही रिकामा होतो. तूप, पेढे, खवा असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशांच्या सामानातून नेता येत नाहीत, ताज्या मिरच्या आणि वांगीही नेऊ नयेत. काळा मसाला, भाजलेले शेंगदाणे, बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ मात्र बांधून घ्यावे. गॅसची डबी विमानात चालत नाही, ती तिथेच विकत घ्यावी. वांग्यांची चिंता नको. तिकडच्या बाजारात काळपट जांभळी, गुळगुळीत वांगी मिळतात. बामणोदच्या हिरव्या वांग्याची चव त्यांना नाही, पण भरीत होते. वणव्याच्या भीतीने उघड्यावर जाळ करण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते, त्यामुळे पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजण्याची हौस बाजूला ठेवून, वांग्याला सुरीने चार टोचे मारून ते शेगडीवर जाळी ठेवून मंद आचेवर फिरवत राहावे. साल काळी पडून देठाजवळचा भाग बोटाने दाबताच आत गेला की ते झाले. बडगी (भरीत ठेचायचे लाकडी भांडे) नसली तरी वाटीच्या बुडाने लसूण, मिरची, शेंगदाण्यांसह ठेचता येते.

समुद्री चाच्यांच्या हल्ल्यांपासून बचावासाठी उंच कड्यांवर वसलेली गावे पाहायला सकाळी दहाच्या आत निघावे. सुमारे ४३० मीटर उंचीवरच्या एझ गावात गल्ल्या अरुंद आणि पायऱ्यांच्या आहेत. बाबागाडी तिथे निरुपयोगी ठरते, तान्ह्या बाळाला झोळीत घ्यावे. वर बसने जावे आणि मुले मोठी असतील तर खाली स्थानकाकडे उतरणारी जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यांच्या नावाची पायवाट धरावी. ती खडकाळ आणि उन्हाची आहे, माणशी किमान एक लिटर पाणी हवे. सँ-पॉल-द-व्हाँस या अशाच दुसऱ्या गावात चित्रकार मार्क शगाल यांची समाधी आहे, आणि तिथली वाट लहान मुलांनाही झेपते. उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की डोंगरातले रस्ते बंद करतात, म्हणून निघण्यापूर्वी कॅम्पच्या कार्यालयात विचारावे. संकटात ११२ हा क्रमांक लावावा.

परतीच्या वाटेवर नीसच्या जुन्या भागात सोक्का मिळतो. हरभऱ्याचे पीठ, पाणी आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावरच होणारे हे धिरडे शाकाहारी आहे आणि आपल्या मुलांना ओळखीचे वाटते. ते गरमच खावे.