खेड्यातल्या खाजगी शाळेत रुजू होताना

विदर्भातल्या खेड्यात खाजगी शाळेवर नेमणूक मिळत असेल, तर वर्गखोल्यांआधी संस्थेचे कागद बघून घ्या. मागायला संकोच वाटू देऊ नका. धर्मादाय नोंदणीचं प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा ताजा उतारा आणि शिक्षण विभागाचं मान्यता-अनुदानाचं पत्र, एवढं पुरतं. परिशिष्ट एकवर विश्वस्तांची नावं असतात. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज टाकायचा असतो, आणि भांडणं सुरू होतात ती इथेच. जुने अध्यक्ष वारले, मुलगा आणि पुतण्या यांचे दोन गट पडले, दोघांचेही बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिले, असं अनेक गावांत झालेलं आहे. ज्याचं नाव परिशिष्टावर नाही त्याच्या सहीची ऑर्डर शिक्षणाधिकारी कार्यालयात अडकते, आणि बिनपगारी राहतो तो नवा शिक्षक.

शाळा पूर्ण अनुदानित आहे, अनुदानाच्या टप्प्यावर आहे (20, 40, 60 टक्के असे टप्पे वाढत जातात) की स्वयंअर्थसहाय्यित, हे तोंडी ऐकून धरू नका, पत्रावर वाचा. “पुढच्या वर्षी टप्पा वाढतो” हे वाक्य विदर्भातल्या कितीतरी शिक्षकांनी दहा-दहा वर्षं ऐकलं आहे.

नेमणुकीचा आदेश खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या नियमावलीतल्या अनुसूची ‘ड’च्या नमुन्यात हवा. पद कायम रिक्त आहे की तात्पुरतं, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या, कारण परिविक्षा (प्रोबेशन) आणि पुढचं संरक्षण त्यावरच ठरतं. अनुदानित पदावर आधी शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं जातात. 2023 पासून मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. नेमणुकीनंतरची पायरी शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता, आणि मग शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगार-प्रणालीतला तुमचा क्रमांक. हा क्रम मोडून कोणी “आयडी आधी काढून देतो” म्हणत असेल तर तिथून निघा. नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण 2025 मध्ये उघडकीस आलं, तेव्हा पैसे देऊन लागलेल्यांची नोकरी आणि पैसा दोन्ही धोक्यात आले. पदासाठी पैसे मोजले म्हणून पद कायदेशीर होत नाही. आदेश, रुजू अहवाल आणि मान्यतेचं पत्र यांच्या साक्षांकित प्रती घरी ठेवा. नोकरीवरून कमी केलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला 30 दिवस असतात, आणि त्या वेळी शाळेतल्या फाईलला हात लावू दिला जाईलच असं नाही.

आता शाळेचा इतिहास. हा विषय स्मरणिकेपुरता समजू नका. पंजाबराव देशमुखांनी 1932 मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. वर्ध्याला 1937 च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या नयी तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षणाची, परिषद झाली. कुणब्या-माळ्यांची, दलितांची पोरं शिकली पाहिजेत ही ओढ त्या काळात गावोगाव पोचली होती. कोणी वावराचा तुकडा दिला, कोणी सागाची लाकडं, कोणी धान्याची पोती, आणि त्यातून शाळा उभ्या राहिल्या. त्यातल्या कित्येकांचा सातबारा अजूनही दात्याच्या नावावर आहे. बक्षीसपत्र झालंच नाही. नातवंडं मोठी झाली, शेजारून रस्ता गेला, जमिनीला भाव आला की कंपाउंडवरून वाद उठतो, आणि जागा संस्थेच्या नावे नसली की खोल्यांसाठीचा सरकारी निधीही अडतो. म्हणून जुने दाते आणि त्यांचे वारस हयात असतानाच कागद करून घ्यायला मुख्याध्यापकांना सांगत राहा.

शाळेतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जात आणि जन्मतारीख लिहिलेली वही. बाबू रजेवर असले की ते नव्या शिक्षकाकडे येतं. जात पडताळणीला लोक त्याचा उतारा मागायला येतात. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीची नोंद लागते. आजोबा चौथीत असतानाची ती एक ओळ नातीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरवते. जुनी पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली असते. पान उलटताना खालून तळहाताचा आधार द्या, अंगठ्याला थुंकी लावू नका. जे लिहिलंय तेच, त्याच ऱ्हस्व-दीर्घासह उतरवा. ‘कुनबी’ असेल तर ‘कुणबी’ करू नका. समितीपुढे मूळ रजिस्टर जातं आणि फरक निघाला की अर्जदार अडचणीत येतो. नव्या नोंदीत चूक झाली तर व्हाइटनर नको. एकच आडवी रेघ, वर दुरुस्ती, शेऱ्यात आदेश क्रमांक आणि मुख्याध्यापकांची सही. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहा.

पोषण आहाराचा चार्ज बहुधा सगळ्यात नव्या माणसाकडे येतो. पहिली ते पाचवी माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी 150. सहावी-सातवी-आठवीची 84 मुलं हजर असली तर 12.6 किलो. तफावत येते ती एकाच कारणाने: तांदूळ सकाळी अंदाजाने मोजला जातो आणि हजेरी मधल्या सुट्टीनंतर भरली जाते. परिपाठ संपला की वर्गवार डोकी मोजा, आकडा फळ्यावर लिहा, त्याच आकड्यावर तांदूळ काढा. शनिवारी पोत्यातला साठा वजन करून वहीशी ताडून बघा.

हजेरी मात्र पिकावर चालते. धानपट्ट्यात, म्हणजे भंडारा-गोंदियाकडे, जुलै-ऑगस्टात रोवणी. वऱ्हाडात दसऱ्याच्या आसपास सोयाबीन, मग कापूस. “सर, कापूस फुटला, आता पोरगी आठ दिवस येत नाही,” हे ऐकून चिडू नका, त्या घराची वर्षाची कमाई तेव्हा वावरात उभी असते. अवघड घटक तिमाहीतच संपवा, वेचणीच्या दिवसांत सराव आणि वाचन ठेवा. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडते, म्हणजे राज्यातल्या इतरांपेक्षा एक-दोन आठवडे कमी मिळतात, हेही नियोजनात धरा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, लहान वर्गात लाकडी बैल आणू द्या. मुलं त्या दिवशी आपणहून बोलतात, आणि घरी वऱ्हाडी, झाडीबोली किंवा गोंडी बोलणारं मूल कुठे अडतं ते तेव्हाच कळतं.

संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मिळणार हे ठरवणं, 30 सप्टेंबरच्या पटावर होते, आणि आधार जुळलेलीच मुलं धरली जातात. नाव, जन्मतारीख किंवा लिंग यांत आधार आणि रजिस्टर यांच्यात एका अक्षराचा फरक असला तरी मूल मोजलं जात नाही. चार-पाच मुलं अशी गळली तरी एक पद जाऊ शकतं आणि सेवाज्येष्ठता यादीत सगळ्यात खालचा शिक्षक, म्हणजे तुम्ही, अतिरिक्त ठरता. जुलैतच यादी काढा, चुका कोणत्या घरच्या ते बघा आणि आधार केंद्राला पालकांसोबत स्वतः जा. त्यासाठीची पालकसभा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नका. शेवटची एस.टी. किती वाजता आहे ते विचारून वेळ ठरवा, नाहीतर बाहेरगावच्या आया येणार नाहीत.