घरी दहावीच्या गणिताची शिकवणी सुरू करताना

डोंबिवलीत माझ्या घरच्या हॉलमध्ये मी १९ वर्षं आठवी ते दहावीचं गणित शिकवते. आई-बाबा दोघंही सकाळच्या लोकलने जातात, परतायला रात्रीचे आठ वाजतात. मुलांचा अभ्यास घ्यायला घरात कुणी नसतं, म्हणून जूनमध्ये माझी बेल वाजतच राहते. तुम्हीही शिकवणी सुरू करणार असाल तर पहिले आठ दिवस दहावीचं पुस्तक उघडू नका.

कोऱ्या कागदावर सातवीची दहा उदाहरणं घाला: ऋण संख्या, अपूर्णांक, कंस. उत्तरापेक्षा पायऱ्या बघा. गेल्या वर्षी एका मुलीला वर्गसमीकरणं काही केल्या जमत नव्हती. वही बघितली, तर कंसाबाहेरचं वजाचं चिन्ह ती आत नेतच नव्हती. मी लिहून दिलं: १२ − (७ − ५). तिने केलं १२ − ७ − ५, उत्तर शून्य. म्हटलं, आता आधी कंस सोडव. सात वजा पाच दोन, बारातून दोन गेले, दहा. दोन्ही उत्तरांकडे ती बघत राहिली आणि मग स्वतःच खोडरबर उचलला. पुढचे चार दिवस आम्ही फक्त कंस सोडवले.

बॅच सहा जणांचीच ठेवा. सातवा आला की एकाची वही बघायची राहते, आणि ती नेमकी गप्प बसणाऱ्याची असते. सेमी इंग्रजीच्या मुलांना डिनॉमिनेटरबरोबर छेदही सांगा. घरी आजोबा तोच शब्द वापरतात.

बोर्डात बीजगणित ४० गुणांचं आणि भूमितीही ४० गुणांची, तरी मुलं भूमिती मागे टाकतात. आठवड्याचे दोन दिवस तिला द्याच. आकृती हाताने काढून घ्या. पक्ष, साध्य, सिद्धता पूर्ण लिहून घ्या.

शाळेत नोकरी असेल तर शिकवणी घेऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई आहे.

फी महिन्याच्या महिन्याला घ्या. माझ्या भाचीने एका मोठ्या क्लासला वर्षाचे पैसे आगाऊ भरले, दोन महिन्यांत क्लास सोडला, आणि एक रुपया परत मिळाला नाही. पटलं नाही तर पालकांना मुलाला काढून घेता आलं पाहिजे.

गुणांची हमी मागणारे पालक येतील. हमी देऊ नका, मुलाची वही दाखवा. दिवाळीनंतर आलेल्यांना तर आधीच सांगा: परीक्षेला जेमतेम तीन-चार महिने उरलेत, आणि त्यातला एक सातवीच्या उजळणीत जाईल.