गुडघा दुखणारा कुत्रा मुलांवर गुरगुरू लागला तर काय कराल?

आमचा कुत्रा नऊ वर्षांचा होईपर्यंत कधी कुणावर गुरगुरला नव्हता. एका दुपारी माझी चार वर्षांची भाची त्याच्या शेजारी फतकल मारून बसली होती. उठताना तिनं आधारासाठी हात टेकला, तो नेमका त्याच्या मागच्या पायावर. त्यानं ओठ वर ओढले, पुढचे दात दिसले. "आत्या, बघ ना, हा हसतोय!" असं ती म्हणाली. मी धावत जाऊन तिला उचललं आणि कुत्र्यावर खेकसले. आठवड्याभरानं ती पुन्हा जवळ गेली, तेव्हा त्यानं दात दाखवलेच नाहीत. सरळ तिच्या हाताच्या दिशेनं हवेत तोंड मारलं. वीतभराचं अंतर होतं म्हणून निभावलं. त्याचा उजवा गुडघा कामातून गेलाय, हे आम्हाला त्यानंतर कळलं.

त्यात माझी चूक होती. दात दाखवणं ही त्याची तक्रार होती आणि ती तक्रार मी बंद करून टाकली. दुखणं मात्र तसंच राहिलं.

म्हणून या लेखातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी मूल आणि कुत्रा वेगळे करायचे, मग गुडघा बघायचा, मग घर नीट करायचं आणि सर्वांत शेवटी प्रशिक्षण. बहुतेक लोक आधी ट्रेनरला फोन करतात. दुखरा पाय घेऊन कुत्रा काय शिकणार?

१. आजपासूनच दोघांमध्ये दार ठेवा

कारण शोधायला दिवस लागतील, चावायला क्षण पुरतो. लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांत बरेचसे ओळखीच्या कुत्र्यांचेच असतात, आणि मुलाची उंची कमी असल्यामुळे जखम पुष्कळदा चेहऱ्यावर किंवा मानेवर होते. तेव्हा बेबी गेट लावा, नाहीतर खोलीचं दार बंद ठेवा. दोघं एका खोलीत असतील तर एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. सोफ्यावर बसून, मोबाइल बघत, "लक्ष आहे माझं" म्हणणारं माणूस यात धरू नका.

कुत्र्याला बांधून ठेवणं हा उपाय वाटतो, पण मूल जिथवर पोचू शकतं तिथे बांधलेला कुत्रा सर्वांत धोक्याचा. त्याला उठून जाता येत नाही, मग उरतं काय? त्याचं अंथरूणही कोपऱ्यात ठेवू नका. एका बाजूनं निघून जायला वाट हवी.

चावलाच असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं निदान १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुत्रा घरचा आहे, लस दिलेली आहे, म्हणून थांबू नका. रेबीजच्या लशीचा निर्णय डॉक्टरांनाच घेऊ द्या.

२. दुखणं चालीत दिसतं

कुत्रा दुखलं की केकाटतो, अशी आपली समजूत असते. जुनं दुखणं बहुधा मुकाट असतं. कुत्रा खातो, शेपूट हलवतो, दारावरची बेल वाजली की धावतोही. फरक दिसतो तो चालीत आणि बसण्यात.

गुडघ्याचे दोन आजार नेहमीचे. पहिला म्हणजे वाटी सरकणं. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल अशा लहान जातींत हा जास्त दिसतो. कुत्रा चालता चालता मागचा एक पाय उचलतो, तीन-चार पावलं लंगडी घालतो, पाय झटकतो आणि काही झालंच नाही असा पुढे जातो. घरातल्यांना याची गंमतच वाटते. याच्या चार श्रेणी असतात. पहिलीत वाटी हातानं सरकवली तरी आपोआप जागेवर येते, चौथीत ती कायमची खाचेबाहेर असते.

दुसरा आजार म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, म्हणजे दोन हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा, तुटणं. माणसांत हे बहुतेकदा खेळताना पाय मुरगळून एका झटक्यात होतं. कुत्र्यांत ते बहुधा महिनोन्‌महिने झिजत येतं आणि एक दिवस साध्या उडीनं जातं. लॅब्राडॉर, रॉटवायलर यांच्यात हे वारंवार दिसतं. खूण अशी, की कुत्रा दोन्ही पाय अंगाखाली घेऊन सरळ बसत नाही, एक पाय बाजूला पसरतो. झोपून उठताना पहिली दहा पावलं ताठ टाकतो. उभा असताना दुखऱ्या पायाची फक्त बोटं टेकवतो. बरेच दिवस झाले असतील तर त्या मांडीचा स्नायू उतरतो. मागे उभं राहून दोन्ही मांड्या एकदम हातात धरून पाहिल्या तर फरक हाताला लागतो. हे अलगद करा, आणि ज्याच्यावर तो आधीच गुरगुरलाय त्यानं तर करूच नका.

मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, मागून, बाजूनं, उठताना, जिना चढताना. दवाखान्यात गेल्यावर घाबरलेला कुत्रा चक्क नीट चालतो, हा अनुभव खूप जणांना येतो.

३. डॉक्टरांना गुरगुरण्याचंही सांगा

लंगडण्याबद्दल एका डॉक्टरांशी आणि स्वभावाबद्दल ट्रेनरशी बोलायचं, अशी विभागणी करू नका. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातले डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिहिलं, की वर्तनाच्या तक्रारीसाठी त्यांच्याकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी साधारण एक तृतीयांशांत कुठलं ना कुठलं दुखणं होतं, आणि हा अंदाज त्यांनी हात राखूनच केला होता. तेव्हा नेमकं सांगा: केव्हा गुरगुरला, कुठे हात लागला होता, तो झोपेत होता का, आदल्या दिवशी जास्त चालणं झालं होतं का. एक वही करा, तारखेसह.

गुडघा नीट तपासायला कधी कधी हलकी गुंगी द्यावी लागते, कारण कुत्रा पाय आवळून धरतो. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, पण सांध्यातली सूज आणि झीज दिसते. तपासणीत ठोस काही सापडलं नाही तरी काही आठवडे वेदनाशामक देऊन वागण्यात फरक पडतो का ते पाहता येईल का, हे विचारा. आमच्याकडे औषध लागू पडल्याचं आधी पायात दिसलंच नाही. तो पुन्हा दाराशी येऊन झोपायला लागला, जिथून सगळे ये-जा करतात.

घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉलही मनानं द्यायचं नाही. कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम यांसारखी औषधं असतात, पण त्यांचा डोस वजनावर ठरतो. उलटी, जुलाब किंवा काळी शी दिसली तर गोळी थांबवून फोन करा. आधीपासून स्टेरॉइड चालू असेल तर ते न विसरता सांगा. ही दोन्ही एकत्र चालत नाहीत.

शस्त्रक्रिया सुचवली तर घाबरू नका. लिगामेंटसाठी मोठ्या कुत्र्यांत बहुधा टीपीएलओ नावाची शस्त्रक्रिया करतात. त्यात नडगीच्या हाडाला वर काप देऊन त्याचा उतार बदलतात आणि प्लेट-स्क्रूनं बसवतात, म्हणजे लिगामेंटशिवायही गुडघा पुढे घसरत नाही. नंतर ८ ते १२ आठवडे फक्त पट्ट्यावर, मोजकं चालणं. खरी परीक्षा इथे असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुत्र्याला बरं वाटू लागतं आणि हाड अजून जुळलेलं नसतं. याच काळात मुलं घरात पळापळ करत असतील तर दार बंदच बरं.

४. घसरणारी फरशी आणि वाढलेलं वजन

गुळगुळीत फरशीवर दुखऱ्या पायाचा कुत्रा बर्फावरच्या माणसासारखा चालतो. तो जिथून नेहमी जातो तिथे रबर लावलेल्या चटया टाका. नखं कापा आणि तळव्यांमधले केस कमी करा. सोफ्यावर चढायची सवय असेल तर उतरती फळी लावा किंवा सोफाच बंद करा. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस वापरा. जिन्यावर पोटाखालून जाड टॉवेल घालून मागचा भाग तोलून धरता येतो. फिरणं बंद करू नका, तुकडे करा. सकाळी एकदम पाऊण तास नेण्यापेक्षा पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा न्या. चेंडू फेकणं मात्र सोडा. त्यात धावणं, करकचून थांबणं आणि वळणं येतं, आणि गुडघ्याला नेमकं तेच सोसत नाही.

वजनाचं बोलणं कुणाला आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं. एक चाचणी करा. हाताचा पंजा सपाट पसरा आणि बोटांच्या मागच्या बाजूवरून दुसरा हात फिरवा. कुत्र्याच्या फासळ्या हाताला तशा लागायला हव्यात. तळहाताच्या गादीवरून बोट फिरवल्यासारखं लागलं तर वजन जास्त आहे. ४८ लॅब्राडॉरांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाव हिस्सा कमी खायला मिळालेले कुत्रे सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगले आणि त्यांच्या सांध्यांचं दुखणंही उशिरा सुरू झालं. औषधाच्या बाटलीत इतकं काही मिळत नाही. प्रशिक्षणातला खाऊही दिवसाच्या हिशेबातच धरा.

५. गुरगुरण्याच्या आधीचं वाचा

कुत्रा अचानक चावला, असं क्वचितच होतं. आधी तो मान फिरवतो, जीभ चटकन नाकावरून फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. मग डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो, अंग चोरतो, उठून जातो. जाता आलं नाही की ताठ होतो, श्वास रोखल्यासारखा. त्यानंतर गुरगुर, मग हवेत तोंड, मग चावा. दुखणाऱ्या कुत्र्यात यातल्या पायऱ्या गळतात, विशेषतः हात दुखऱ्या जागी पडला तर.

गुरगुरला की मारू नका, ओरडू नका, पाठीवर उताणं दाबू नका, शॉक देणारा पट्टा तर नकोच. यातलं काहीही केलं तरी मूल जवळ आलं की मार बसतो, एवढंच तो शिकतो. मुलाला शांतपणे दूर न्या आणि वहीत लिहा.

६. मुलांना चारच नियम

झोपलेल्या, खाणाऱ्या आणि आपल्या अंथरुणात असलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. त्याला मिठी मारायची नाही, त्याच्यावर बसायचं नाही. तो आपल्याकडे आला तरच हात लावायचा, आणि तोही छातीशी, तीन सेकंद. मग हात काढून बघायचं: पुन्हा जवळ आला तर अजून तीन सेकंद, नाहीतर पुरे. तो अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर जमिनीकडे.

पाच-सहा वर्षांखालच्या मुलाकडून हे पाळलं जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे नियम मोठ्यांसाठी असतात. आणि मुलांना दात विचकलेला कुत्रा हसरा वाटतो, हे माझ्या भाचीपुरतं नाही. दात म्हणजे हसू नव्हे, हे त्यांना चित्र काढून दाखवावं लागतं.

७. दुखणं आटोक्यात आल्यावरच सराव

मूल खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, किंवा बाहेर, इतक्या लांब की कुत्रा त्याला बघेल पण अंग सैल राहील. मूल दिसलं की तुमच्या हातून खाऊ, वाटाण्याएवढे तुकडे, एकामागून एक. मूल दिसेनासं झालं की खाऊ बंद. तीन ते पाच मिनिटं, बस्स. अंतर कमी करायचं ते आठवड्यांच्या हिशेबानं. त्यानं खाऊ घेणं थांबवलं, किंवा हिसकावून घेऊ लागला, तर तुम्ही फार जवळ आलात.

मुलाच्या हातून खाऊ द्यायला लावू नका. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो पटत नाही. खाण्याच्या ओढीनं कुत्रा जितकं सोसतं त्याहून जवळ येतो, खाऊ संपतो, आणि त्याच्या नाकासमोर मूल उरतं.

जाळीचा मझल, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर बांधायची जाळी, सवयीचा करून ठेवा, ज्यात कुत्र्याला धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. आत खाऊ ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या. बंद बांधायची घाई नको. मझल घातला म्हणून मुलाला त्याच्या अंगावर लोळू द्यायचं मात्र नाही.

चावा खोल असेल, किंवा कुठलीच सूचना न देता झाला असेल, किंवा घरात रांगणारं बाळ असेल आणि दारं पाळणं जमत नसेल, तर वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्यांना भेटा. मुलं नसलेल्या घरी कुत्रा देण्याचा पर्यायही बोलून बघा, आणि देताना चावल्याची गोष्ट लपवू नका.

एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांत जवळपास निम्म्यांचा दुसराही पुढे जातो. आमचा वर्षभर शांत होता. मग वहीत एका आठवड्यात तीनदा लिहिलं गेलं: "भाची जवळून गेली, तोंड चाटलं, उठून गेला." त्या तीन ओळींवरून डॉक्टरांनी डावा गुडघा तपासला, तोवर तो लंगडतही नव्हता.